मुंबईच्या मातांसाठी झटलेल्या डॉ. लूसी विल्स

वाचकहो, पुढील प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात केव्हा ना केव्हा घडलेला असेल. घरातील सून किंवा लेक गरोदर आहे. सहावा महिना लागला आहे. दोन पायऱ्या चढल्या की तिला धाप लागते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा फिकट दिसतो. घरातील वडीलधाऱ्या बायका सांगतात की या दिवसांत असे व्हायचेच. शेवटी कोणीतरी तिला मोहल्ल्यातील डॉक्टरांकडे घेऊन जाते. डॉक्टर तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतात, जीभ पाहतात, नखे पाहतात आणि रक्त तपासून आणावयास सांगतात. मग लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी सुरू होते. सरकारी दवाखान्यात तीच गोळी फुकट मिळते.

त्या गोळीतील लोह पुष्कळांच्या परिचयाचे आहे. परंतु फॉलिक ॲसिड हे नाव जिभेवर नीट बसत नाही, आणि ते तेथे का आले हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. ते तेथे आले त्यामागे मुंबईत घडलेली एक हकीकत आहे. ती एका इंग्रज बाईची आहे, तितकीच ती मुंबईच्या गरीब, आणि त्यातही विशेषतः गरीब मुस्लिम स्त्रियांची आहे. म्हणूनच या वर्षीच्या अंकात डॉ. लूसी विल्स यांचे चरित्र आपणापुढे ठेवावे असे वाटले.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. घराण्याचा धंदा विळे, कोयते यांसारखी धारेची अवजारे बनविण्याचा होता. वडील विज्ञानाचे पदवीधर होते, आईचे वडील डॉक्टर होते. घरात पुस्तकांची आणि निसर्गनिरीक्षणाची आवड. मुलींना विज्ञान आणि गणित शिकविणाऱ्या शाळा त्या काळी इंग्लंडातही थोड्याच होत्या. त्यांपैकी एक म्हणजे चेल्टनहॅम लेडीज कॉलेज. लूसीला तेथे घालण्यात आले. पुढे १९०७ साली ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली आणि वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र या विषयांचा अभ्यास करून १९११ साली परीक्षा उत्तीर्ण झाली. गुण काही फार मोठे नव्हते. मुलामुलींनो, हे मुद्दाम लिहीत आहे. आपल्याकडे टक्केवारीवरून मुलाचे अवघे भविष्य ठरविण्याची घाई असते. या विदुषीला शेवटच्या परीक्षेत तिसरा वर्ग मिळाला होता.

परीक्षा उत्तीर्ण झाली तरी पदवी मात्र मिळाली नाही. कारण एकच, ती मुलगी होती. केंब्रिज विद्यापीठ मुलींना वर्गात बसू देई, परीक्षा देऊ देई, पण पदवी देत नसे. हा नियम बदलावयास १९४८ साल उजाडावे लागले. मुलींच्या शिक्षणात आडकाठी घालण्याचा मक्ता काही पूर्वेकडील देशांनीच घेतला होता असे नाही, हे यावरून आपल्या ध्यानात येईल.

१९११ सालीच वडील वारले. दोन वर्षांनी थोरली बहीण अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली. लूसी आईला घेऊन सिलोनला जाऊन आली, मग धाकट्या भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेली. तेथे असतानाच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, आणि केपटाउनमध्ये काही आठवडे तिने स्वयंसेविका म्हणून परिचारिकेचे काम केले. परत आल्यावर जानेवारी १९१५ मध्ये तिने लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. वय सव्वीस वर्षे पूर्ण. आपल्याकडे या वयात मुलीच्या शिक्षणाचा विषय कधीच मिटलेला असतो.

हे विद्यालय आपल्याला परके नाही. बालविवाहाच्या खटल्यामुळे गाजलेल्या मुंबईच्या रखमाबाई याच विद्यालयात शिकून डॉक्टर झाल्या होत्या. लूसीच्या काळातही तेथे हिंदुस्थानातून आलेल्या विद्यार्थिनी होत्या. त्यांपैकी एक म्हणजे बेने इस्रायली समाजातील जेरुशा झिराड. पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलची सूत्रे अनेक वर्षे त्यांच्याकडे होती. म्हणजे हिंदुस्थान लूसीबाईंना नकाशावर दिसण्यापूर्वी शेजारच्या बाकावर भेटला होता.

१९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. परंतु दवाखाना थाटावा, नाडी पाहावी, फी घ्यावी, यात त्यांचे मन रमणारे नव्हते. रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये गरोदर स्त्रियांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या विभागात त्यांनी संशोधन व अध्यापन पत्करले. ते काम चालू असतानाच मुंबईहून बोलावणे आले.

आता मुंबईची स्थिती पाहा. गिरण्यांचे शहर. कोकणातून, देशावरून, आपल्या मोगलाईतून, उत्तरेतून लोक पोटासाठी येत आणि चाळींतून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रियांची संख्या इतकी होती की तिची रीतसर चौकशी करण्याचे काम हाती घेण्यात आले. या चौकशीच्या प्रमुख होत्या डॉ. मार्गारेट बाल्फोर. त्यांनीच लूसी विल्स यांना बोलावून घेतले. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी १९२८ साली कामाला प्रारंभ केला.

मातांच्या मृत्यूंचे एक कारण भयंकर पांडुरोग हे होते. रक्त इतके पातळ होई की बाई बाळंतपणाचा ताण सोसू शकत नसे. विशेष म्हणजे हा पांडुरोग नेहमीचा नव्हता. येथे थोडे थांबून रक्ताची गोष्ट समजून घ्यावयास हवी, कारण पुढील सर्व कथा त्यावर उभी आहे.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या फुफ्फुसांतून प्राणवायू घेतात आणि सर्व अवयवांना पोहोचवितात. शरीरात लोह कमी पडले की या पेशी लहान व फिकट होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला ते लगेच दिसते. मुंबईच्या या स्त्रियांच्या रक्तात मात्र पेशी थोड्या होत्या, पण ज्या होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. घर बांधताना विटा पुरेशा पडल्या नाहीत म्हणून मोजक्याच पण बेढब विटा घातल्यासारखा तो प्रकार. अशा मोठ्या पेशींचा पांडुरोग डॉक्टरांना ठाऊक होता, पण तो युरोप-अमेरिकेतील वयस्क लोकांना होणारा असाध्य पांडुरोग. त्याने माणूस हमखास दगावे. १९२६ साली अमेरिकेतील मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवून दिले की रोग्याला रोज अर्ध्या पौंडापर्यंत कलेजी खाऊ घातली तर तो वाचतो. या कामाबद्दल त्यांना पुढे १९३४ साली व्हिपल यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

मग मुंबईच्या स्त्रियांना तोच रोग होता काय? पुष्कळांनी होय म्हणून विषय मिटविला असता, कारण पेशी दिसावयास सारख्याच. लूसीबाईंनी तसे केले नाही. त्या खऱ्या असाध्य पांडुरोगात पोटातील आम्ल नाहीसे होते आणि मज्जातंतूही बिघडतात. मुंबईच्या रोगी स्त्रियांत या खुणा आढळत नव्हत्या. दोन आजार वरून जुळे दिसतात, पण जुळे म्हणजे एक नव्हे. निदान करताना सर्वांत मोठा धोका असतो तो हाच. आपण दवाखान्यात जाऊन सांगतो की शेजारणीला दिलेले तेच औषध मलाही द्या, तेव्हा आपणही याच खड्ड्यात पाय घालत असतो.

प्रथम शंका होती जंतूंची. आतड्यात एखादा जंतू शिरून हे रक्त बिघडवीत असेल का? त्यांनी तपास केला. तसा जंतू सापडला नाही. जे सापडले नाही तेही त्यांनी नोंदवून ठेवले आणि मोर्चा अन्नाकडे वळविला.

डॉ. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. कोण काय खाते, दूध मिळते का, पालेभाजी येते का, फळ कधी दिसते का, राहण्याची जागा कशी आहे. ही पाहणी १९३० साली प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष वाचताना आपल्या समाजातील वाचकांनी जरा मन घट्ट करावे. या पांडुरोगाचा सर्वांत अधिक तडाखा बसत होता तो गरीब मुस्लिम स्त्रियांना, आणि त्यांचाच आहार सर्वांत निकृष्ट होता.

वाचकहो, या ओळीवर आपल्याला राग येणे शक्य आहे. पण लूसीबाईंनी धर्माला किंवा जातीला दोष दिला नाही. त्यांनी ताटाकडे बोट दाखविले. खिसा रिकामा, घराबाहेर पडण्यावर बंधने, भाजीबाजार पुरुषांच्या हाती, आणि जे शिजेल ते आधी घरातील पुरुषांना, मग मुलांना आणि उरलेसुरले बाईला. ही रीत त्या काळच्या मुंबईतच होती असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. आपल्या शहागंजात, बुढी लेनमध्ये, रोशन गेटच्या आसपास आजही दुपारी दोन वाजता स्वयंपाकघरात डोकावून पाहा, शेवटी जेवावयास कोण बसले आहे आणि पातेल्यात काय शिल्लक आहे.

पाहणीवरून संशय घेता येतो, सिद्धता होत नाही. गरीब स्त्रीच्या आयुष्यात निकृष्ट आहाराबरोबर शंभर गोष्टी असतात. दमट खोली असते, वारंवार बाळंतपणे असतात, हिवताप असतो. त्यांतील नेमके कारण कोणते? म्हणून लूसीबाईंनी प्रयोगशाळेत उंदीर घेतले आणि त्यांना मुंबईच्या गरीब स्त्रियांसारखे अन्न घातले. गाभण उंदरिणींचे रक्त कमी झाले आणि त्या विण्यापूर्वीच मेल्या. त्यांच्या अन्नात यीस्ट, म्हणजे पाव फुगविण्यासाठी वापरतात ते किण्व, मिसळले तर मात्र रक्त टिकून राहिले.

येथे कथा संपावयास हवी होती. संपली नाही. पुढे असे लक्षात आले की उंदरांच्या अंगावरील उवांमुळे पसरणारा एक जंतूही त्यांचे रक्त कमी करतो. म्हणजे उंदीर अन्नामुळे आजारी पडले की उवांमुळे, हा घोळ झाला. एवढे कष्ट करून मिळालेला पुरावा असा डळमळीत झाला तर कोणीही खचेल. मला या चरित्रातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शाळेच्या पुस्तकांत शोध नेहमी सरळ रेषेत लागलेले दाखवितात. लूसीबाई माकडांकडे वळल्या. डॉ. बिलिमोरिया यांच्या साहाय्याने त्यांनी माकडांवर तोच निकृष्ट आहाराचा प्रयोग केला आणि त्यांच्या रक्तातही मोठ्या पेशींचा पांडुरोग उत्पन्न करून दाखविला. यीस्टचा अर्क दिल्यावर माकड झपाट्याने सुधारले.

हा अर्क म्हणजे मार्माइट नावाचा इंग्लंडमधील एक स्वस्त खाद्यपदार्थ. काळपट, खारट, पावाला लावून खातात. बिअरच्या कारखान्यात खाली उरणाऱ्या यीस्टपासून तो बनतो. हे वाचून आपल्या मनात हलाल-हरामचा प्रश्न उभा राहील हे मी जाणतो. त्याचा निर्णय जाणकारांनी द्यावा, पण निदान आज तो प्रश्न औषधासाठी उरलेला नाही. आजच्या गोळीतील फॉलिक ॲसिड कारखान्यात रासायनिक रीतीने तयार होते, त्याचा बिअरशी काही संबंध नाही.

लूसीबाईंनी गरोदर रुग्ण स्त्रियांना हा अर्क दिला. औषध लागू पडते की नाही हे त्या रोग्याच्या चेहऱ्यावरून ठरवीत नसत. उपचारानंतर काही दिवसांतच रक्तात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींची संख्या वाढू लागते, ती मोजता येते. पेशी मोजा, आकडा लिहा, पुन्हा मोजा. बाईला बरे वाटते ही चांगलीच गोष्ट, पण बरे वाटणे सहानुभूतीनेही घडते, विश्रांतीनेही घडते. पेशींची मोजणी अशी फसत नाही. जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि जगाला कळले की मुंबईच्या गरीब मातांना वाचविणारे औषध महागड्या कलेजीच्या अर्कात आहे तसेच स्वस्त यीस्टमध्येही आहे.

या काळात त्या एका जागी बसून नव्हत्या. १९२९ साली काही महिने निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, १९३१ च्या आरंभी मद्रासच्या गोषा हॉस्पिटलमध्ये, मधूनमधून लंडनला, असे त्यांचे चालू असे. गोषा हा शब्द आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. पडद्यातील स्त्रियांसाठी काढलेले ते रुग्णालय होते. १९३३ साली त्या लंडनला परतल्या. पुन्हा १९३७ च्या नोव्हेंबरात दहा आठवड्यांसाठी मुंबईला आल्या, त्या विमानाने. त्या काळी विमानप्रवास म्हणजे अपूर्वाईची गोष्ट.

त्याच सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट पक्की केली. कलेजीचा अर्क जसजसा अधिक शुद्ध केला जाई, तसतसा तो असाध्य पांडुरोगावर उत्तम चाले, पण उष्ण प्रदेशातील या पांडुरोगावर निरुपयोगी ठरे. याउलट कच्चा, अशुद्ध अर्क दोन्हींवर चाले. तेव्हा कलेजीत दोन निरनिराळी द्रव्ये असली पाहिजेत आणि शुद्धीकरणात त्यांतील एक निघून जात असले पाहिजे. या निसटणाऱ्या द्रव्याला लोक विल्स घटक म्हणू लागले.

तो घटक कोणता, हे कळावयास आणखी काही वर्षे गेली. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य मिळविण्यात आले आणि पानावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडले. त्यासाठी चार टन पालक लागला म्हणतात! १९४५ च्या सुमारास ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या पथकाचे नेतृत्व आंध्रातून गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव करीत होते. दुसरे द्रव्य, म्हणजे खऱ्या असाध्य पांडुरोगावरचे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ साली हाती आले. लूसीबाईंनी दहा-अकरा वर्षे आधी म्हटले होते तेच खरे ठरले, ती दोन निरनिराळी द्रव्ये होती.

आता पालकांना प्रश्न पडेल की या सगळ्याचा आपल्या घराशी काय संबंध. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांची हीच स्थिती होती. बाकी काही जाणून न घेता हा एकच आकडा वाचला तरी पुरे.

गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली आणि इतर स्त्रीचे १२ च्या खाली गेले की त्याला पांडुरोग म्हणतात. यात लोहाची कमतरता हे कारण सर्वांत अधिक आढळते. परंतु ते एकमेव कारण नव्हे. रक्ताच्या साध्या तपासणीच्या कागदावर पेशींच्या आकाराचा एक आकडा छापलेला असतो, त्याला एम.सी.व्ही. म्हणतात. तो लहान असेल तर लोहाकडे संशय जातो. मोठा असेल तर फॉलिक ॲसिड किंवा ब-१२ यांच्याकडे. म्हणजे लूसीबाईंनी परळला सूक्ष्मदर्शकातून जे पाहिले ते आज यंत्र आकड्यात लिहून देते. पेशी लहान आहेत आणि लोह देऊनही सुधारणा नाही, अशा वेळी थॅलेसिमियाचा वाहक असण्याची शक्यता डॉक्टर तपासतात. जवळच्या नात्यात लग्ने होणाऱ्या घराण्यांनी ही तपासणी लग्नापूर्वीच करून घ्यावी, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला गंभीर थॅलेसिमिया होण्याची शक्यता चारांत एक असते.

आणखी एक सावधगिरी. आजार ब-१२ च्या कमतरतेचा असेल आणि आपण मनानेच नुसते फॉलिक ॲसिड घेत राहिलो, तर रक्ताचा कागद सुधारलेला दिसतो पण आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. तेव्हा गरोदरपणात दवाखान्यातून मिळणारी गोळी खुशाल घ्यावी, पण महिनोन् महिने अशक्तपणा आहे म्हणून मेडिकलच्या दुकानातून स्वतःच गोळ्या आणून खाऊ नयेत.

गोळ्यांविषयी आपल्या बायकांत नाना समजुती आहेत. लोहाच्या गोळीने मूल काळे जन्मते, मूल फार मोठे होते आणि बाळंतपण अडते. यांना काहीही आधार नाही. शौचाचा रंग काळा होतो हे खरे, पण त्याने अपाय होत नाही. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नये. चहामुळे लोह अंगी लागत नाही. आपल्याकडे सकाळचा चहा आणि गोळी एकाच वेळी घशाखाली जाते, आणि मग गोळ्यांनी काही फरक पडत नाही अशी तक्रार होते. लिंबाचा रस लोहाला मदत करतो. फॉलिक ॲसिड मेथी, पालक, हरभरे, मसूर, शेंगदाणे यांत असते, पण भाजी तासभर शिजवून पाणी फेकून दिले तर त्यातील बराच भाग निघून जातो. बकरी ईदच्या दिवशी घरोघरी होणारी कलेजी या दृष्टीने फार पौष्टिक आहे. गरोदर बाईने मात्र ती रोज खाऊ नये, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते आणि त्याचा अतिरेक गर्भाला बाधतो. आणि ईदला कलेजीची बशी प्रथम कोणापुढे जाते, हे आपल्याला माहीतच आहे.

फॉलिक ॲसिडचा दुसरा उपयोग तर लूसीबाईंच्या हयातीत कोणाला ठाऊकही नव्हता. गर्भाचा पाठीचा कणा आणि मेंदू यांची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. ती नीट बंद झाली नाही तर मूल पाठीत व्यंग घेऊन जन्मते. १९९१ साली सात देशांतील ३३ केंद्रांत, आधी असे मूल झालेल्या स्त्रियांवर केलेली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. कोणाला फॉलिक ॲसिड द्यावयाचे आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले होते, म्हणजे डॉक्टरांच्या आवडीनिवडीला वाव नव्हता. ज्यांना फॉलिक ॲसिड मिळाले त्यांच्यात असे व्यंग ७२ टक्क्यांनी कमी झाले. पण चार आठवडे म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे कळण्याच्याही आधी. म्हणूनच लग्न ठरलेल्या, मूल हवे असलेल्या मुलीने गोळी आधीपासून सुरू करावी असे डॉक्टर सांगतात. आपल्या घाटीच्या रुग्णालयात, तालुक्याच्या दवाखान्यात किंवा आशा ताईंकडे याची चौकशी करता येईल. लग्नाच्या याद्या करताना, दागिने आणि जोडे मोजताना, हा विषय काढावयास आईला संकोच वाटत असेल तर खालाने काढावा.

लूसीबाईंचे पुढील आयुष्य लंडनमध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धात त्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या रोगनिदान विभागात काम करीत होत्या. जुलै १९४४ मध्ये त्या विभागावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला आणि काही दिवस काम बंद ठेवावे लागले. युद्धाच्या काळात अन्नावर रेशन होते. त्या दिवसांत गरोदर स्त्रियांना सरसकट लोह द्यावे काय, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. काही स्त्रियांना लोहाच्या गोळ्या आणि काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या देऊन त्यांनी दोन्ही गटांच्या रक्ताची तुलना केली. १९४७ साली ते काम प्रसिद्ध झाले. आज कोणतेही नवे औषध अशा तुलनेवाचून मान्य होत नाही, त्या काळी ही पद्धत नवीनच होती.

१९४७ सालीच त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिका येथे जाऊन आहार व पांडुरोग यांचे निरीक्षण चालूच ठेवले. त्यांनी लग्न केले नाही. मोटार घेण्याची ऐपत असून त्या कामाला सायकलवरून जात. डोंगर चढणे, बर्फावरून घसरत जाणे, बागकाम करणे हे त्यांचे छंद. शेवटच्या दहा वर्षांत मजूर पक्षातर्फे चेल्सी येथील नगरपालिकेच्या त्या सदस्य होत्या.

१६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. भारत सरकारने गरोदर मातांना लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटण्याचा कार्यक्रम सुरू केला तो त्यानंतर सहा वर्षांनी, १९७० साली. विल्स घटक हे नाव तोवर पुस्तकांतूनही मागे पडले होते. हाफकिन इन्स्टिट्यूट मात्र परळला त्याच जुन्या इमारतीत आहे. पुढच्या वेळी मुंबईला गेलात आणि परळवरून जाणे झाले, तर मुलींना ती दाखवा.